त्या उंदराचं काय झालं?

आई पेडण्याला असते, मी डिचोलीला. ऐंशी ओलांडली तिने. हल्ली विसरायला लागली आहे. दूध गॅसवर ठेवते आणि फुलं काढायला जाते. मागच्या खेपेला माझी लेक तिला धीर द्यायला म्हणाली, ‘‘आजी, म्हातारपणीही मेंदूत नव्या पेशी होतात.’’

‘‘हे कळलं कसं गं? कुणी आत बघून आलं?’’

लेक जीवशास्त्र शिकते. ती सांगू लागली. १९६०च्या दशकात जोसेफ आल्टमन यांनी उंदरांना किरणोत्सर्गी थायमिडीन टोचलं. पेशी दुभंगताना ते नव्या डीएनएत जाऊन बसतं, म्हणून नवी पेशी ओळखता येते. मग मेंदूचे पातळ काप काढून पाहायचं.

‘‘आणि त्या उंदराचं काय झालं?’’

लेक गप्प झाली. मीही. पाणी गाळून पिणारी आम्ही माणसं. पण रक्तदाबाची गोळी गिळताना ती आधी कुणावर तपासली, हे मी कधी विचारलं नव्हतं.

‘‘माणसांचेही मेंदू तपासलेत, आजी,’’ लेक म्हणाली. कर्करोगाची वाढ पाहण्यासाठी काही रुग्णांना बीआरडीयू नावाचं असंच खूण करणारं द्रव्य दिलं होतं. त्यांच्यापैकी पाच जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले. स्मरणाशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी दिसल्या. ते साल १९९८. पुढे २०१३मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या कार्बन-१४वरून पेशींचं वय काढलं. अंदाज निघाला, एका बाजूच्या हिप्पोकॅम्पसमध्ये रोज सुमारे ७०० नव्या पेशी. २०१८मध्ये अमेरिकेतल्या एका गटाला मात्र प्रौढांच्या मेंदूत त्या सापडल्याच नाहीत. लगेच २०१९मध्ये माद्रिदच्या गटाने ८७ वर्षांपर्यंतच्या माणसांत त्या दाखवल्या. त्यांचं म्हणणं, मेंदू रसायनात फार वेळ राहिला तर नव्या पेशीची खूण पुसली जाते. म्हणजे दिसलं नाही म्हणून नाहीच, असं म्हणता येत नाही. हे तर आपण अनेकांतात लहानपणापासून ऐकत आलो.

आई शांतपणे म्हणाली, ‘‘मग माझा घ्या म्हणावं. मेल्यावर मला कशाला?’’

दादा चिडला. अग्नी द्यायचा तो अख्ख्या देहाला, असं त्याचं मत. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात देहदान होतं, ते मुख्यतः विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी. मेंदूची पेढी आहे बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये. मेंदू काही तासांच्या आत जपावा लागतो, आणि पेडणे तिथून किती लांब! या अडचणी खऱ्या आहेत. पण मला टोचत होतं ते वेगळंच. विसरणाऱ्या माणसाचा होकार हा होकार मानायचा का?

चार दिवसांनी मी परत विचारलं. आधीचं बोलणं तिला आठवत नव्हतं. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. उंदरापाशी येताच तिने तेच विचारलं, आणि शेवटी उत्तरही तेच दिलं.

मैत्रिणींनो, उंदरांवरचे प्रयोग उद्याच थांबतील असं नाही. त्यातून कुणाचं दुःख हलकं होतं, हेही मला कळतं. पण उंदराला ‘नको’ म्हणता आलं नाही. आईला येतं. म्हणून मी दर भेटीत विचारते. ज्या दिवशी ती ‘नको’ म्हणेल, त्या दिवशी विषय संपला.

माझ्या स्वतःच्या देहाचा अर्ज मात्र मी भरला आहे. आठवण शाबूत आहे तोवर.