प्रमाणपत्र कुणाला बांधतं?

रुग्णसेवकांच्या पगाराचा विषय निघाला की हल्ली एकच उत्तर तयार असतं: कौशल्य वाढवा, पगार आपोआप वाढेल. 2015 मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली आणि ‘जनरल ड्युटी असिस्टंट’चे वर्ग निघाले. जून 2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर, एक लाख जणांना अल्पमुदतीचं प्रशिक्षण देण्याची घोषणा झाली. बातमी दर वेळी प्रमाणपत्रांच्या आकड्यापाशी संपते. पुढे प्रमाणपत्र मिळवलेल्या मुलींच्या हातात महिन्याला काय पडतं, याची चौकशी होत नाही.

शिकलेली बाई चांगलं काम करते आणि चांगल्या कामाला मालक जास्त पैसे मोजतो, असा यामागचा समज. त्यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. पक्षाघाताच्या पेशंटला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, टाचा गादीला घासू द्यायच्या नाहीत, नाकातल्या नळीतून (राइल्स ट्यूब) पेज देताना डोकं उंच ठेवायचं आणि दिल्यावर लगेच आडवं करायचं नाही. हे ठाऊक नसलेल्या हाती पेशंट सोपवणं म्हणजे बेडसोर आणि न्यूमोनिया ओढवून घेणं. प्रशिक्षण हवंच.

पण दुसरा भाग? घरी रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्युरोला फोन करून पाहा. पेशंट बाई की पुरुष, वजन किती, नळी आहे का, बारा तास की चोवीस, हे विचारलं जातं आणि त्यावर दर ठरतो. घरच्यांनी ‘ट्रेन्ड बाईच हवी’ असा आग्रह धरला तर तो चढेलही. पण वरचे पैसे ब्युरोकडे राहणार की मावशींना मिळणार, हे त्या प्रमाणपत्रावर कुठेच लिहिलेलं नसतं. आणि न झालेल्या बेडसोरचे पैसे कोण कुणाला देतं?

यावर म्हणतात, अभ्यासक्रम तोकडा आहे. तो वाढवा, सक्तीचा करा. मग नर्सेसकडे पाहू. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, वर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी. तरीही खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसचे पगार इतके कमी, की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयाच्या 2016 च्या आदेशावरून नेमलेल्या समितीला पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांसाठीही किमान 20,000 रुपये मासिक पगाराची शिफारस करावी लागली. केरळात नर्सेसच्या संघटनेनं लढा दिला, तेव्हा 2018 मध्ये तिथे 20,000 चं किमान वेतन अधिसूचित झालं. या काळात त्यांचं शिक्षण बदललं नव्हतं.

अमेरिकेत तर सक्तीही आहे. 1987 च्या कायद्यानं सरकारी योजनांचे पैसे घेणाऱ्या नर्सिंग होममधल्या सेविकांना किमान 75 तासांचं प्रशिक्षण, परीक्षा आणि राज्याच्या नोंदवहीत नाव बंधनकारक केलं. तरी ते काम तिथल्या कमी पगाराच्या कामांतच राहिलं, कारण मेडिकेड या सरकारी योजनेवर अवलंबून असलेल्या रुग्णांसाठी नर्सिंग होमला किती मिळणार हे सरकार ठरवतं. काही राज्यांनी वाढवून दिलेली रक्कम सेविकांच्या पगारावरच खर्च करण्याची अट घातली, तेव्हा कुठे मुळाला हात लागला.

कुणी म्हणेल, मागणी वाढली की पगार वाढेल. हा युक्तिवाद कोविडमध्ये घेतलेल्या आणि साथ सरताच घरी पाठवलेल्या कंत्राटी माणसांना ऐकवून पाहावा.

म्हणून माझ्या लेखी फरक एकच: काम करणाऱ्याला बांधणारं प्रमाणपत्र आणि पैसे देणाऱ्याला बांधणारं प्रमाणपत्र. पहिल्यासाठी बाई रजा, प्रवास, कधी फीही आपल्या पदरची घालते आणि बदल्यात तिला जेमतेम नोकरी मिळते. दुसऱ्यात तिचा दर लेखी ठरतो. अनुभवाचंही तसंच आहे. वीस वर्षं वॉर्डात काढलेल्या मावशींना परीक्षेला बसवायचं आणि दर मात्र तोच ठेवायचा, हा अन्याय आहे.

अनेक सरकारी रुग्णालयं कक्षसेवक कंत्राटदारामार्फत घेतात. त्या निविदेत प्रमाणपत्रधारकाचा वेगळा दर आणि तो थेट तिच्या बँक खात्यात जमा करण्याची अट सरकारनं आधी घालावी. पुढच्या तुकडीचं उद्घाटन त्यानंतर करावं.