उदरदर्शन आणि मनःस्वास्थ्य

आपल्या उदरात काय चालले आहे हे मनुष्यास दिसत नाही, ही निसर्गाची कृपा की उणीव, हा प्रश्न पूर्वी केवळ वादापुरता होता. आता तो घरोघरचा झाला आहे. धातूतील छुपी भेग हुडकण्यासाठी कारखान्यांत वापरली जाणारी ध्वनिलहरींची युक्ती ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी माणसाच्या पोटावर योजिली, व पोटातील गाठी तिने ओळखता येतात हे १९५८ साली सहकाऱ्यांसह ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. पुढे सी.टी. स्कॅन आला, आणि गिळावयाच्या गोळीएवढा कॅमेरा लहान आतड्याची चित्रे घेऊ लागला. पोट चिरल्यावाचून आतले दिसावे, हा उपकार लहान नव्हे.

परंतु यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देऊन थांबत नाही. कर्जत स्थानकालगतच्या आमच्या भिसेगावातील एखादे निवृत्त गृहस्थ कल्पा. मुलाच्या आग्रहाने ‘सर्व तपासण्या’ झाल्या आणि सोनोग्राफीत पित्ताशयात खडा निघाला. पोटात कधी कळ नाही, भूक उत्तम. असे मूक खडे बहुतेकांस जन्मभर त्रास देत नाहीत, व त्रास नसता शस्त्रक्रिया सहसा करू नये, असे डॉक्टरही सांगतात. तरी गृहस्थांनी तूप सोडले, पंगतीस जाणे सोडले. रात्री हात उजव्या बरगडीखाली चाचपडू लागला. हा रोग पित्ताशयाचा की अहवालाचा?

ज्ञान निरपवाद हितकर, असे मानण्याची इंग्रजी शिकलेल्या आम्हा मंडळींस सवय आहे. तथापि गर्भलिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ साली, देशात प्रथम, कायद्याचे बंधन घातले; १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर त्याची पाटी असते: दिसले तरी सांगावयाचे नाही. तेथे मौन दुसऱ्या जिवाच्या रक्षणार्थ आहे. पित्ताशय मात्र ज्याचे त्याचे. तेथे डॉक्टरने मौन धरणे ही फसवणूकच होय. म्हणून विवेक करावयाचा तो टेबलावर निजण्यापूर्वी: मिळेल त्या उत्तराने मी काही निराळे करणार आहे काय?

‘दुखत नाही, मग पाहू नये’ असा सोपा नियम यातून कोणी काढू नये. मोठ्या आतड्यातील जे कोंब पुढे कर्करोग होऊ शकतात, ते वेदना नसतानाच दुर्बिणीने काढून टाकता येतात; तेथे पाहिल्याने पुढचे बदलते. शौचावाटे रक्त जात असता, वा कारणाविना वजन घटत असता तपासणी टाळणारा तर स्थितप्रज्ञ नव्हे, भित्रा होय.

आणि हा सारा ऊहापोह ज्यांच्या दाराशी रेल्वे आहे त्यांचा. याच तालुक्यातील डोंगरालगतच्या ठाकूर-कातकरी वाड्यांत प्रश्न उलटा आहे. तेथे कळ असते, पाहणे नसते. तपासणीस जावे तर त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून बाई पोटावर फडके घट्ट बांधते आणि कामावर जाते.