गोळ्या कोणी मोजायच्या?

जूडी गार्लंड ही हॉलिवूडची गायिका-अभिनेत्री २२ जून १९६९ रोजी लंडनमधल्या घरात मृतावस्थेत सापडली. वय अवघं ४७. चौकशी करणाऱ्या कॉरोनरने आत्महत्येची शक्यता बाजूला ठेवली आणि नोंद केली ती अपघाताची. झोपेसाठी घेतलेल्या बार्बिट्युरेटच्या गोळ्या बेसावधपणे जास्त झाल्या होत्या. किशोरवयात स्टुडिओत दिवसा तरतरी यायला आणि रात्री झोप लागायला आपल्याला गोळ्या दिल्या जात, हे तिनेच पुढे सांगितलं होतं. एवढी वर्षं गोळ्या देणारे, लिहून देणारे, विकणारे अनेक हात होते. बेसावधपणा मात्र तिच्या एकटीच्या खात्यावर जमा झाला. मला हा हिशेब पटत नाही.

कारण हे औषध घेणाऱ्याची मोजण्याची ताकदच आधी काढून घेतं. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा नावाच्या रसायनाचं काम या गोळ्या वाढवतात. मात्रा चढली की त्या रसायनाचीही गरज उरत नाही, औषध स्वतःच मेंदू मंदावत नेतं आणि श्वास चालू ठेवणारं केंद्रही त्यातून सुटत नाही. रोज घेतल्यावर काही आठवड्यांत तेवढ्याच गोळीने झोप येईनाशी होते, म्हणून माणूस एक वाढवतो. श्वास थांबवणारी मात्रा मात्र त्या प्रमाणात पुढे सरकत नाही. सोबत दारू असेल तर धोका कितीतरी वाढतो. वर या विषबाधेवर नेमका उतारा नाही. रुग्णाला लगेच इस्पितळात न्यायचं आणि औषध उतरेपर्यंत श्वास चालू ठेवायचा, हाच उपचार. रात्री दोनला अर्धवट गुंगीत ‘मघाशी घेतली होती का मी?’ असं स्वतःलाच विचारणाऱ्या माणसाकडून आपण सावधपणाची अपेक्षा धरतो, हे जरा अजबच आहे.

१९०३ मध्ये व्हेरोनल बाजारात आलं तेव्हापासून अर्धशतकाहून अधिक काळ जग याच गोळ्यांवर झोपलं. १९६० नंतर त्यांची जागा तुलनेने कमी घातक औषधांनी घेतली. आजची अल्प्राझोलाम किंवा झोल्पिडेम त्या घराण्यातली नव्हे, पण सवय लावण्यात तीही मागे नाही. म्हणून तर मेडिकलवाल्याने ही औषधं देताना डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची, असा आपल्याकडे नियम आहे. काउंटरवरचा संवाद आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो. ‘दादा, आईची ती झोपेची द्या ना.’ ‘चिठ्ठी?’ ‘घरी राहिली हो. नेहमीचीच आहे.’ आणि पट्टी पुढे सरकते. नाही म्हणणारा दुकानदार आपल्याला खडूस वाटतो. माझ्या मते त्या आईची खरी काळजी त्यालाच असते.

पण मोजण्याची दुसरी बाजूही आहे, आणि ती आपल्याकडे जास्त घरांत आहे. फिनोबार्बिटोन हे बार्बिट्युरेटच. गार्डेनाल या नावाने ते अनेकांना ठाऊक असेल. ही गोळी आज फिट्ससाठी दिली जाते. स्वस्त, जुनी, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतली. तिथे धोका उलट दिशेने येतो. ‘किती दिवस त्या गुंगीच्या गोळ्या खायच्या?’ असं कुणी काकू सहज म्हणून जाते आणि गोळी एकदम बंद होते. अशी अचानक तोडलेली गोळी फिट आणू शकते, कधी एकामागून एक, न थांबणाऱ्या. ती कमी करायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवडे नि महिने घेत, टप्प्याटप्प्याने. दुसरी औषधं चालू असतील तर तेही सांगावं लागतं, कारण रक्त पातळ ठेवणाऱ्या किंवा गर्भनिरोधक गोळ्यांचा असर फिनोबार्बिटोनमुळे घटतो.

लग्नाळू मुलीच्या बाबतीत तर हे सांगणंच बंद होतं. हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींमध्ये अपस्माराचा उल्लेख होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो काढला. स्थळं पाहणाऱ्यांनी काढला नाही. मग आईवडील ‘तिकडे काही बोलू नकोस’ म्हणून बजावतात, आणि गोळ्यांची पट्टी पावडरच्या डब्याखाली सासरी जाते. पाहुण्यांनी भरलेल्या घरात, पूजा-गोंधळाच्या जागरणात ती घ्यायला एकांत मिळत नाही. एक चुकते, दोन चुकतात, झोपही झालेली नसते. स्वयंपाकघरात फिट येते. त्यानंतर दोन्ही घरांची बैठक बसते ती कुणी कुणाला फसवलं यावर. किती दिवसांच्या गोळ्या राहिल्या होत्या, हा प्रश्न तिला पहिल्यांदा विचारतो तो इस्पितळातला डॉक्टर. उत्तर देण्याआधी ती दाराकडे बघून घेते, सासूबाई ऐकत तर नाहीत ना.