विनापरवाना वाहनाचा धर्म

ल कॉर्बुझिए याने चंदीगडच्या रस्त्यांची व्ही-१ ते व्ही-७ अशी श्रेणी ठरवून दिली आणि सायकलींच्या वाटांना मागाहून व्ही-८ ही संज्ञा मिळाली, त्या काळी सायकल म्हणजे माणसाच्या पायांच्या बळावर चालणारे वाहन, एवढाच अर्थ सर्वांना ठाऊक होता. आज त्याच वाटांवरून विजेच्या सायकली धावतात, प्रशासनाने २०२२च्या विद्युत वाहन धोरणात त्यांना उत्तेजनही दिले आहे, आणि त्यांच्यासंबंधी जो प्रश्न मला विचारार्ह वाटतो तो जितका कायद्याचा आहे तितकाच धर्माचाही आहे.

१९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या सायकलीच्या साहाय्यक मोटारीची अर्ध्या तासाची शक्ती पाव किलोवॅटहून कमी आहे, जिची मोटार ताशी २५ किलोमीटरचा वेग येताच किंवा पायडल थांबताच बंद पडते, जिला योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे तांबडा परावर्तक आहे, आणि मान्यताप्राप्त चाचणीसंस्थेने जिला तसा दाखला दिला आहे, ती मोटार वाहन समजली जात नाही; म्हणून तिला नोंदणी नको, चालवणाऱ्यास परवाना नको, आणि १९८८च्या अधिनियमाच्या कलम १४६ने सक्तीचा केलेला त्रयस्थ विमाही नको. ही मुभा गैर आहे असे मी म्हणत नाही. परंतु ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ सात मीटर. चंदीगडच्या मटका चौकाशी सायकलवाट ओलांडणाऱ्या वृद्धेला मान वळवण्याइतका अवधी मिळतो न मिळतो तोच, आवाज न करता येणारे हे वाहन तिच्यापाशी पोहोचलेले असते. तिचे खुब्याचे हाड मोडले, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे दार तिच्यासाठी उघडत नाही, कारण तिला धडकले ते कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहनच नव्हे. तिने दिवाणी न्यायालयात दाद मागावी, निष्काळजीपणा शाबीत करावा, आणि हुकूमनामा मिळालाच तर रक्कम वसूल होईपर्यंत वाट पाहावी.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी या विषयाकडे दुर्लक्ष केले नव्हते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वाहनाने घडलेल्या इजेचा विचार आहे: बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, अथवा सारथ्याने ‘बाजूला हो’ असे ओरडून सांगितले असले, तर दंड नाही, मात्र सारथी अकुशल असेल तर दंड मालकाला, कुशल असूनही चुकला तर सारथ्याला. त्या स्मृतीतील पुष्कळ वचने आज आपण नाकारतो आणि ती नाकारलीच पाहिजेत, पण या विवेचनाचा मर्मभाग मला ग्राह्य वाटतो: इशारा देणे हे चालकाचे कर्तव्य, आणि अकुशल हातात वाहन सोपवणे हा मालकाचा अपराध. मूक सायकलीच्या घंटीचे मोल येथे कळते. जैन साधूंच्या ईर्यासमितीतही जू-भर लांबीची भूमी न्याहाळत पाऊल टाकण्याचा दंडक आहे, तो याच जाणिवेतून.

कोणी म्हणेल, श्रद्धेपुढे वा स्वेच्छेपुढे कायदा नमतोच. २०१८ साली याच शहरात स्त्रियांना हेल्मेट सक्तीचे झाले तेव्हा शीख समाजाने हरकत घेतली आणि अखेर शीख स्त्रियांना सूट मिळाली. परंतु तेथे धोका मुख्यत्वे स्वतःच्या मस्तकाचा होता, आणि स्वतःचे मस्तक श्रद्धेसाठी जोखमीत घालण्याचा अधिकार आपण माणसाला मान्य करू शकतो. दुसऱ्याच्या हाडांविषयी असा अधिकार कोणत्याही पंथात कोणालाही मिळत नाही. विम्याचा संबंध त्या दुसऱ्याशी आहे. म्हणून कायदा विमा मागत नाही एवढ्यावरून त्या दुसऱ्याचे ऋण फिटत नाही, आणि अजाणता घडलेली हिंसाही भरपाईच्या कर्तव्यातून मोकळी होत नाही.

ज्यांनी वेगाची मर्यादा काढून टाकण्यासाठी कारागिराला पैसे दिले, त्यांच्याविषयी तर संशयालाच जागा नाही: त्यांची सायकल त्या क्षणी मोटार वाहन होते, आणि तेही बिननोंदणीचे, बिनविम्याचे. बाकीच्यांना माझी विनंती एवढीच, की चोरी व तुटफूट यांच्या विम्यावर समाधान न मानता, त्रयस्थाच्या इजेचे दायित्व पत्करणारी पॉलिसी स्वेच्छेने घ्यावी, तिच्या अटींत विजेच्या सायकलीचा स्पष्ट उल्लेख आहे की नाही हे सही करण्यापूर्वी वाचून पाहावे, आणि घरातल्या नवशिक्या मुलाच्या हाती सायकल देण्याआधी त्याला वळणावर घंटी वाजवायला शिकवावे.