हरणाऱ्यांच्या बाजूने

रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या पटांगणात आमच्या धर्मग्रामातील एका कॉलेजकुमाराने मला गाठले. क्रिकेटच्या दृष्टीने आपला नंदुरबार जिल्हा महाराष्ट्र संघाच्या क्षेत्रात येतो, हे त्याला ठाऊक होते. "काका, मुंबईने बेचाळीस वेळा रणजी करंडक जिंकला. महाराष्ट्राने दोनदाच, तोही १९३९-४० आणि १९४०-४१ साली. तुम्ही अजून त्यांच्याच बाजूने कसे?" हा मुलगा कॉलेजच्या बास्केटबॉल संघात खेळतो. त्यांचा संघ गेली तीन वर्षे हरतो आहे आणि त्याचे सामने पाहायला आता कोणी जात नाही. तेव्हा प्रश्न केवळ माझ्या हट्टाचा नव्हता, हे माझ्या ध्यानात आले.

निष्ठा हा सद्गुण आहे, असे सांगून मोकळे होणे सोपे होते. परंतु पती-पत्नीमधील निष्ठा आणि संघावरील निष्ठा एकाच तराजूत घालता येत नाहीत. घरी वाट पाहणारे माणूस असते. त्याला दिलेला शब्द मोडला तर ते दुखावते. संघाला आपले नावही ठाऊक नसते. शिवाय ज्यांच्यासाठी आपण थांबायचे, ते खेळाडू तरी कुठे थांबतात? सांगलीच्या मराठी ख्रिस्ती घराण्यातील विजय हजारे यांनी १९३९-४० च्या हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या आणि पुढे ते बडोद्याकडूनच खेळले. चरितार्थासाठी माणसाला जावे लागते. त्यांना दोष देणारे आपण कोण? फलंदाज जातो, प्रेक्षक मागे राहतो. यात कर्तव्य कसले?

मला वाटते, कर्तव्य नाहीच. हरणाऱ्या संघाला सोडून जाणारा काही पाप करीत नाही. मात्र खेळात निकालाखेरीज आणखी काय घडते, ते त्याला पाहायला मिळत नाही.

याच हजाऱ्यांचा १९४३ सालचा सामना आठवावा. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत धर्मवार संघ असत. १९३७ पासून त्यात 'द रेस्ट' हा पाचवा संघ आला. त्यात भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू असे उरलेले सारे. या संघाने ती स्पर्धा कधीच जिंकली नाही. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ धावा केल्या. त्यांत विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० होत्या. 'रेस्ट'चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला आणि दुसऱ्या डावात ६० धावांत पाच गडी बाद झाले. त्या क्षणी उठून घरी जाणाऱ्याचा हिशेब अचूक होता. संघ एक डाव व ६१ धावांनी हरलाच. पण मधल्या काळात हजारे व त्यांचे बंधू विवेक यांनी ३०० धावांची भागी केली. त्यांत विवेक यांच्या धावा अवघ्या २१! संघाच्या ३८७ धावांपैकी विजय हजाऱ्यांच्या ३०९. हे पाहायला जो थांबला, त्याला विजय मिळाला नाही. त्याची निष्ठा कुठल्याही अर्थाने फळाला आली नाही. तरी तो फसला, असे कोण म्हणेल?

तथापि येथेच मला एक अडचण जाणवते. तो संघ 'आपला' होता, तो धर्मामुळे. खेळातील या धर्मवार विभागणीला गांधीजींनी १९४० साली विरोध केला होता आणि पुढे १९४६ नंतर ती स्पर्धा बंद पडली. योग्यच झाले. मर्चंटच्या २५० धावांना ज्याला टाळ्या वाजवता आल्या नसतील, त्याची निष्ठा संघावर नव्हती, दुसऱ्याच्या द्वेषावर होती. हरणारा माणूस या मोहात लवकर पडतो. पंच वाईट, खेळपट्टी वाईट, नशीब वाईट! महाराष्ट्र संघ १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ असे तीन अंतिम सामने हरला, त्या हरण्याला मीही अशी कारणे शोधली आहेत.

त्या मुलाला मी आणखी एक सामना सांगितला. डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा. भाऊसाहेब निंबाळकर नाबाद ४४३, ब्रॅडमनच्या ४५२ च्या विश्वविक्रमाला अगदी टेकलेले. काठियावाडचा संघ सामना सोडून निघून गेला. "हरणे चालेल," मी म्हणालो, "असे जाणे नाही."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, काठियावाडचा म्हणजे आताचा सौराष्ट्र संघ ना? त्यांनी २०१९-२० आणि २०२२-२३ ला रणजी जिंकली. मैदान सोडून गेलेल्यांच्याही मागे कोणीतरी सत्तर वर्षे थांबले असेलच की."

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. बुधवारी त्यांचा सामना किती वाजता आहे, ते मी विचारून घेतले.