सहा महिन्यांनी या

स्तनांच्या तपासणीचा अहवाल हातात देताना डॉक्टर पुष्कळदा दोन वाक्यं लागोपाठ बोलतात. काळजीचं काही दिसत नाही. सहा महिन्यांनी परत या. पहिलं खरं असेल तर दुसरं कशाला? आणि दुसऱ्याची गरज असेल तर पहिल्यावर विश्वास कसा ठेवायचा? असंख्य बायका या पेचात दिवस काढतात आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून तो एका मावशी-भाचीच्या तोंडून मांडते आहे. भाची 46 वर्षांची, बँकेत नोकरी करणारी. मावशीनं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे.

भाची : वाच हे. उजवा स्तन, घड्याळात दहा वाजतात त्या जागी, 6 मिलिमीटरची गाठ. लंबगोल, कडा स्पष्ट. खाली लिहिलंय, बायरॅड्स 3. इतक्या वेळा उघडलाय हा कागद की घडीवर विरायला लागलाय.

मावशी : तीन म्हणजे काय, ते सांगितलं का कुणी?

भाची : ‘बहुधा साधी गाठ.’ या एका ‘बहुधा’वर मी सहा महिने काढायचे?

मावशी : ही प्रतवारी अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेनं बसवलेली आहे, आपल्याकडेही तीच वापरतात. 0 म्हणजे चित्र अपुरं, अजून फोटो हवेत. 1 आणि 2 म्हणजे चिंता नाही. 4 आणि 5 आले की सुईनं तुकडा काढून तपासतात. तुझा आकडा 3. त्यात कर्करोग निघण्याची शक्यता शंभरात दोन किंवा त्याहूनही कमी.

भाची : मी शंभर बायका नाही गं, मी एकटी आहे. मला दोन टक्के कर्करोग कसा असेल? एक तर तो आहे, नाही तर नाही.

मावशी : अगदी बरोबर. गाठ जी काय आहे ती आजच आहे, तिचं ठरलेलं आहे. दोन टक्के हे गाठीबद्दल नाहीच, ते आपल्याला किती कळलंय त्याबद्दल आहे. तुझ्यासारखं चित्र असलेल्या शंभर जणींना एका रांगेत उभं केलं, तर तू कुठे उभी आहेस ते मला सांगता येणार नाही. पण त्या रांगेला काय सल्ला द्यायचा, ते सांगता येतं.

भाची : आणि त्या दोघींना काय सांगायचं?

मावशी : त्यांनाही हेच, की ठरल्या दिवशी या. त्या दोघी तेव्हा सापडाव्यात, लवकर सापडाव्यात, म्हणूनच तर तारीख दिलेली असते.

इथे मला मधे बोलायला हवं. आकडा ऐकवला की भीती जावी, अशी आपली अपेक्षा असते, आणि ती गेली नाही तर बाईला घाबरट ठरवलं जातं. हा अन्याय आहे. आकड्यानं निर्णय सोपा होतो, रात्र सोपी होत नाही. 2013 साली डेन्मार्कमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मॅमोग्राफीत संशय आला, पुढे कर्करोग नाही असं निष्पन्न झालं, अशा बायकांच्या मनावरचा ताण तीन वर्षांनंतरही पुरता निवळलेला नव्हता. ‘रिपोर्ट चांगला आला की विसरशील सगळं’ हे घरोघरी दिलं जाणारं आश्वासन म्हणूनच मला पटत नाही.

भाची : मग आजच सुई घालून मोकळं का होऊ नये?

मावशी : डॉक्टरांना विचार. खरंच विचार. वाट बघणं अजिबात सोसत नसेल किंवा परत येणं जमणार नसेल, तर 3 असतानाही बायोप्सीचा विचार करतात. पण सुईनं आत रक्त साकळू शकतं, कधी नमुना अपुरा पडतो, आणि निकाल चांगला आला तरी पुष्कळदा काही महिन्यांनी पुन्हा फोटो काढायला बोलावतातच. पूर्ण खात्री हवी म्हणून जाशील आणि पुन्हा तारीख घेऊनच परत येशील, असंही होऊ शकतं.

भाची : म्हणजे कुठल्याही वाटेनं गेलं तरी थांबणं आहेच.

मावशी : हो. पण थांबण्याबद्दल तुझी समजूत मला बदलायची आहे. तू म्हणतेस, तपासणी झाली, आता सहा महिने काही न करता बसायचं. तसं नाही. हे सहा महिने तपासणीतच धरलेले आहेत. एका फोटोत गाठीचं रूप दिसतं. ती वागते कशी, ते दोन फोटोंच्या मधल्या काळात दिसतं. वाढते का, कडा बदलतात का, की आहे तशीच राहते? हे जगातल्या कुठल्याही यंत्राला आज दाखवता येणार नाही, कारण ते अजून घडायचं आहे. सहा महिने, मग वर्ष, मग दोन वर्षं गाठ जागची हलली नाही, की तिला साधी म्हणून सोडून देतात.

भाची : हे मला कुणी सांगितलंच नाही.

कुणीतरी सांगायला हवं होतं. ओपीडीबाहेरची रांग मी पाहिली आहे, डॉक्टरांना उसंत नसते हे मान्य. तरीही ‘सहा महिन्यांनी या’च्या पुढे ‘कारण बदल होतो का ते तेवढ्या काळातच कळतं’ एवढं वाक्य जोडायला दहा सेकंद लागतात. ते न जोडल्यामुळे बाईची समजूत होते की आपल्याला टाळलं, किंवा काहीतरी लपवलं.

भाची : पटतंय. तरी रात्री दोनला जाग येते आणि फोन हातात घेतला जातो. अंघोळीच्या वेळी रोज ती जागा चाचपते. परवा इतकं दाबलं की दुखायला लागलं, आणि मग दुखतंय म्हणून घाबरले.

मावशी : रोज का चाचपतेस?

भाची : वाटतं, मी निर्धास्त झाले की नेमका तेव्हाच घात होईल. हसले तर दृष्ट लागेल. काळजी करत राहिले, तर निदान बेसावध तरी सापडणार नाही.

मावशी : म्हणजे तू काळजीला राखणीला बसवलं आहेस. ज्वारीची राखण करणारा माळ्यावर बसतो, शिवारावर नजर ठेवतो. दाणा भरला का बघायला रोज प्रत्येक कणीस सोलत नाही. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी, महिन्यातून एकदा बघ. तेवढं पुरे. रोज दाबून काही कळत नाही, जागा तेवढी हुळहुळी होते.

भाची : आणि मन?

मावशी : मनाला ‘विचार करू नकोस’ म्हणून चालत नाही. संध्याकाळची वीस मिनिटं त्याला देऊन टाक. वही घे, भीती लिही, डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिही. रात्री आलं मनात, तर उद्याच्या वीस मिनिटांत बघू म्हणायचं. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामात लक्ष नाही, असं झालं तर मनाच्या डॉक्टरकडेही जायचं. त्यात लाज कसली?

भाची : घरी सांगितलं नाहीये. लेकीची बारावी आहे. सासूबाईंना कळलं तर नवस बोलतील, चार घरी सांगतील.

मावशी : नवऱ्याला?

भाची : त्यांना बीपी आहे.

मावशी : लेकीला परीक्षा होईपर्यंत नको सांगूस, सासूबाईंना हवं तर कधीच नको. पण नवऱ्याला सांग. बीपीची गोळी घेणारा माणूस बायकोचं दुःख पेलू शकत नाही, हे तू परस्पर कसं ठरवलंस? तू त्यांना जपत नाहीयेस, त्यांचा हक्क काढून घेते आहेस.

भाची : आणि ते माझ्याहून जास्त घाबरले तर?

मावशी : तर दोघं घाबरा. तपासणीच्या दिवशी बाहेरच्या बाकावर तुझी पर्स धरून बसायला कुणीतरी असेल.

मावशीचं हे म्हणणं मला जसंच्या तसं मान्य नाही. काही घरांत सांगितलेली गोष्ट बाईवरच उलटते. दोष तिच्या माहेराला लागतो, नाही तर तिच्या उशिरा झालेल्या लग्नाला. तिथे तो एक माणूस मैत्रीण असेल, बहीण असेल, शेजारीण असेल. पण एक माणूस हवाच.

भाची : समज, त्या दोघींतली मीच निघाले. मग हे सहा महिने वाया गेले असं नाही का होणार?

मावशी : (जरा थांबून) होणार नाही, अशी हमी मी देत नाही. पण एक सांगते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनं 1998 पासून एक मोठा प्रयोग केला. सुमारे दीड लाख बायका, वीस वर्षं. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन नुसत्या हातांनी तपासायच्या, मॅमोग्राफी नाही. 2021 मध्ये निष्कर्ष आले. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगानं होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून लहान वयात तसा फरक दिसला नाही, तेही सांगते. पण हात ते, आणि अंतर दोन वर्षांचं. तुझ्याकडे यंत्र आहे, अंतर सहा महिन्यांचं आहे, आणि गाठ 6 मिलिमीटरची आहे.

भाची : तारीख कॅलेंडरवर लिहू?

मावशी : लिही. स्वयंपाकघरातल्या. सगळ्यांना दिसेल अशी.

असा अहवाल जिच्या हातात आहे तिला माझं सांगणं आहे. जुने फोटो आणि सीडी जपून ठेवा, पुढच्या वेळी सोबत न्या, जमल्यास त्याच केंद्रात जा. तुलनेला जुनं चित्र लागतंच. आणि मधल्या काळात गाठ मोठी वाटली, नवी गाठ लागली, कातडीला खळगा पडला, स्तनाग्र आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्तासारखा स्राव आला, तर तारखेची वाट बघू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.