तथागतांचा खरा रंग कोणता?

मोडनिंबच्या एका घरी वैशाखी पौर्णिमेआधी भिंतींना चुना देण्याचे काम चालले होते. घरातील प्लास्टरच्या बुद्धमूर्तीचा रंग उडाला होता. वडील म्हणाले, "हिलाही सोनेरी रंग मारू." सहलीत अजिंठा पाहून आलेली मुलगी म्हणाली, "अण्णा, लेण्यातले बुद्ध काळ्या दगडाचे आहेत. मग सोनेरी रंग खोटा नव्हे का?" अण्णा निरुत्तर झाले.

धम्मबांधवहो, मुलीचा प्रश्न योग्य होता, पण तिची समजूत अपुरी होती. अजिंठ्याचे बुद्ध मुळात काळे नव्हते. दगड कोरून झाल्यावर त्यावर पातळ गिलावा देऊन रंग चढवीत. काही मूर्तींवर त्या गिलाव्याचे व रंगाचे अवशेष आजही दिसतात. तांबडी व पिवळी माती, हिरवी माती, काजळी आणि अफगाण मुलखातून आलेला निळा दगड हे तेथील रंग होत. चीनमध्ये चिंगचौ येथे 1996 साली सुमारे 400 बौद्ध शिल्पे जमिनीत पुरलेली सापडली. त्यांतील अनेकांवर रंग व सोन्याचा मुलामा टिकून होता.

मग अजिंठ्याच्या मूर्ती पुन्हा रंगवाव्यात काय? कोणी म्हणेल, सर्व अनित्य आहे, रंग गेला तर जाऊ द्या. पण अनित्यता म्हणजे बेपर्वाई नव्हे. उरलेले जपणे व गेलेले जाणून घेणे हे आपले कर्तव्य आहे. उलट, हौसेने हात लावणेही घातक आहे. 1920 नंतर हैदराबाद संस्थानाने इटलीहून तज्ज्ञ आणले. त्यांनी रक्षणाच्या हेतूने भिंतींवरील चित्रांना लाखेचे रोगण दिले. पुढे तेच पिवळे पडून मूळ रंग झाकू लागले आणि पुरातत्त्व खात्याला ते काढावे लागले. हेतू शुद्ध असला तरी ज्ञान अपुरे पडले.

आज अभ्यासक मूर्तीवरचे कण सूक्ष्मदर्शकाने व क्ष-किरणांनी तपासतात आणि रंग भरतात तो प्रतिकृतीवर किंवा संगणकातील चित्रावर. मूळ मूर्तीला धक्का लागत नाही. हाच मार्ग बरा. मात्र पुरावा कोठे संपला आणि तर्क कोठे सुरू झाला, हे तेथे स्पष्ट लिहिले पाहिजे. पंचशीलातील चौथे शील केवळ जिभेला लागू नाही, ते कुंचल्यालाही लागू आहे.

ज्यांचा इतिहास पुसला गेला, त्यांना तो झगझगीत रंगवावासा वाटणे स्वाभाविक आहे. पण आपण एक खोटा रंग दिला, तर उद्या लोक आपल्या खऱ्या रंगावरही विश्वास ठेवणार नाहीत.

म्हणून अण्णांनी घरची मूर्ती खुशाल सोनेरी करावी. ती आपली, आजची आहे. लेण्यातील मूर्ती मात्र साक्षीदार आहे. साक्षीदाराच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. तो काय सांगतो ते ऐकावे, आणि मुलीलाही ऐकायला शिकवावे.